लिटरला सव्वीस

सूनबाई,

गाडी घेऊन बाहेर जातोय, जेवायच्या वेळेपर्यंत येतो. एक कोडं मात्र डोक्यातून जात नव्हतं. आपली म्हातारी गाडी या महिन्यात लिटरला सव्वीस पळाली! टाकी पूर्ण भरून निघालो होतो, परत भरताना किती मावलं ते पाहिलं, दोनदा ताळा केला. गेल्या महिन्यात हीच बया अकरावर धापा टाकत होती. दहाच्या खाली गेली की विकायची, असा शब्द मी तुझ्या नवऱ्याला देऊन बसलोय. मेकॅनिक म्हणाला, "काका, फक्त उतारावरच चालवता की काय?"

मग आज तेलाची बाटली भरायला नरसाळं घेतलं, तर त्याला पेट्रोलचा वास!

गाडी गेली की माझं बाहेर पडणं संपलं, हे मी कुणाजवळ बोललो नव्हतो.

ते नरसाळं डिकीत ठेवलंय, स्वयंपाकाला नवीन आणतो. पुढच्या वेळी जरा हात आखडता घे. रविवारी तुझा नवरा आकडे बघणार आहे, आणि ही नवीकोरी होती तेव्हासुद्धा सतराच्या वर कधी गेली नव्हती.

बाबा