सत्तेचाळीस मिनिटांचं चित्र अकरा सेकंदांत

तीर्थरूप मामा यांस,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात वाकलेलो नाही, वाकलो असं समजून आशीर्वाद द्यावा.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी गुडघ्याला लावायला दिलेलं तेल तुम्ही गुपचूप दारांच्या बिजागऱ्यांना घालता, असं तुमच्या लेकीकडून कळलं. दारं कुरकुरायची थांबली म्हणे, तुम्ही मात्र थांबला नाहीत. इकडे सर्व खुशाल असं लिहिणार होतो, पण हात धजत नाही. सोमवारपासून मी हबकलेलो आहे. घास तोंडाशी नेतो आणि तसाच बसून राहतो. हिला वाटलं, मला काही दुखणं लागलं. दुखणं नाही, आमच्या ऑफिसातले कॉम्प्युटर बदलले.

आमचं काम तुम्हाला ठाऊक आहेच. लोकांची अजून न बांधलेली घरं आम्ही बांधल्यासारखी दाखवतो. नकाशा काढून झाला की कॉम्प्युटरला त्याचं रंगीत चित्र करायला सांगायचं. याला आम्ही ‘शिजत लावणं’ म्हणतो, कारण जुन्या मशीनला एका चित्राला सत्तेचाळीस मिनिटं लागायची. तेवढ्यात कोणी बटणाला हात लावला की ते रुसून बंद पडायचं, म्हणून कीबोर्डवर आडवी फूटपट्टी ठेवायची आमची पद्धत. त्याचा पंखा असा घोंघावायचा की खालच्या मजल्यावरचे शिंपी तक्रार घेऊन वर येत. (थंडीत पाय मात्र छान शेकले जात.) ती सत्तेचाळीस मिनिटं आम्ही तिघं चहा घेऊन कागदी नकाशाभोवती बसायचो: मी, झाडंवाला (चित्रातल्या घरांभोवती झाडं लावणं हे त्याचं काम, स्वतःच्या घरी त्याने एक कुंडी जगवलेली नाही) आणि तुमची लेक चिमी. चिमी नकाशावर बोट ठेवायची आणि पाहुणी व्हायची. बोट पुढच्या दारातून आत शिरायचं, चपला काढायचं, पाणी मागायचं, हात धुवायला जायचं. मध्येच थबकायचं आणि ती म्हणायची, “दादा, फ्रिजचं दार भिंतीला आपटतंय.” पाच वर्षांत त्या बोटाने किती घरं वाचवली, याची साहेबांना अजिबात कल्पना नाही.

तर सोमवारी नवीन मशीन आलं. बुटांच्या खोक्याएवढं. आवाज म्हणून नाही. मी बटण दाबलं, काही ऐकू येईना. पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. शेवटी ते बसवायला आलेला माणूस अतिशय अदबीने म्हणाला, “काका, ते चालू होतं. तुम्ही आता तिसऱ्यांदा चालू केलंत.” एका बंगल्याचं चित्र शिजत लावलं, फूटपट्टी आडवी ठेवली, उठलो, एक पाय चपलेत घातला आणि सहज वळून पाहिलं, तर चित्र तयार! खिडकीच्या काचेत ढगसुद्धा दिसत होते. मामा, मला वाटलं, हे कालचंच चित्र असणार. पुन्हा लावलं. अकरा सेकंद. मी त्या माणसाला हाक मारून सांगितलं की तुमचं मशीन बिघडलं आहे. काय होतंय, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, लवकर होतंय. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी अजून विसरलेलो नाही. झाडंवाला हातात रिकामा कप धरून उभाच होता. चहाचं पाणी अजून उकळलंही नव्हतं.

या मेल्या मशीनने मंगळवारी आमचा घात केला. दातांच्या डॉक्टरांच्या नवीन घराचं चित्र अकरा सेकंदांत झालं आणि बाराव्या सेकंदाला त्यांच्याकडे पोचलंही. तासाभराने डॉक्टरांचा फोन. चित्र सुंदर आहे म्हणाले, रंग आवडला, मिसेसनाही आवडला. फक्त बाथरूमला दार दिसत नाही, तर आंघोळीला खिडकीतून जायचं का? मी नकाशा उघडला. चारही बाजूंनी भिंत. आत गीझर, आरसा, टॉवेलचा दांडा, सगळं जागच्या जागी, नुसता माणूस जायची सोय नाही. जुनं मशीन असतं तर चिमीच्या बोटाला हात धुवायला वाट मिळाली नसती आणि सत्तेचाळीस मिनिटांत दार बसलं असतं. घाई नडली, आणि ती घाई मशीनची. साहेबांनाही मी हेच सांगितलं.

सांगायला नको होतं. साहेबांनी लगेच गणित मांडलं. दिवसाला सहा चित्रं, प्रत्येकाला सत्तेचाळीस मिनिटं, म्हणजे रोजचे पावणेपाच तास. इतकी वर्षं त्या वेळात तुम्ही काय करत होतात, असं त्यांनी अगदी शांतपणे विचारलं. नकाशावर बोट फिरवत होतो, हे उत्तर खरं असलं तरी साहेबांच्या तोंडावर देता येत नाही. मग ते म्हणाले की तिघांचं काम आता दोघांत होईल. तिसऱ्याचं नाव शुक्रवारपर्यंत मी द्यायचं, कारण मी सर्वांत जुना. झाडंवाल्याच्या घरी पुढच्या महिन्यात बाळ येणार आहे. आणि चिमीला तुम्ही स्वतः माझ्या हाती सोपवून गेला होतात. आज गुरुवार. तुम्हीच सांगा, अशा माणसाला जेवण कसं जाईल?

पत्र फार लांबलं. मामींना नमस्कार, आणि तेल गुडघ्यालाच लावा.

तुमचा,
भाचा

ता. क. वर मशीनला नावं ठेवली, ती खोडत नाही, पण ती खरी नाहीत. मंगळवारी चिमी माझ्या मागे उभी होती. म्हणाली, “थांब दादा, मी एकदा आतून फिरून येते.” साहेब दारात उभे होते आणि मला त्यांना वेग दाखवायचा होता. मी तिला हाताने गप्प केलं आणि चित्र पाठवलं. मशीन माझी वाट बघत बसलं होतं, मामा. घाई माझी होती.

ता. क. २. नाव मी आजच दिलं, माझं. हिला सांगून झालं. तिने फक्त चहा टाकला. चिमीला यातलं काही कळू देऊ नका, मला कंटाळा आला म्हणून सोडतोय, एवढंच तिला ठाऊक आहे. पत्राचं खरं कारण पुढेच आहे. आई (तुमची अक्का) अजून येईल-जाईल त्याला सांगते की ते ऑफिस माझ्या मुलावाचून चालत नाही. तिला तुम्ही सांगा. फोनवर नको, समक्ष जा, आणि तिचं जेवण होऊ द्या. मला धीर होत नाही.