विहिरीच्या जागेची ओळ

आत्याबाई,

तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली, आणि तुम्ही असतात तरी हे पत्र तुम्हाला कुणीतरी वाचूनच दाखवावं लागलं असतं. आपल्या घरात ते काम माझं होतं, म्हणून लिहायलाही मीच बसले आहे. मला लिहिण्याची सवय नाही. पत्रं लिहिली ती मुंबईला यांना, आणि त्यांत भात किती झालं, म्हैस व्याली की नाही एवढंच असायचं. सातवी पास होऊन मी महाडहून पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या या गावात तुमची सून म्हणून आले, तेव्हा माझ्या शाळेचा इथे काही उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. तो तुम्ही करून घेतलात.

महाराष्ट्र झालं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. ग्रामपंचायतीत बाईमाणूस हवंच असा कायदा आला होता आणि सरपंच तुमचे चुलत दीर, म्हणून तुमचं नाव घातलं गेलं. तुम्ही काही कराल अशी कुणाची अपेक्षा नव्हती. सभा शाळेच्या पडवीत पुरुषांची व्हायची. मग शिपाई वही आणि शाईची गादी घेऊन घरी यायचा, तुम्ही चुलीपाशी अंगठा उठवायचा, की काम संपलं. तो पहिल्यांदा आला तो श्रावणातला दिवस मला अजून दिसतो. तो दारात इरलं उतरवून निथळत ठेवतो आहे, तुम्ही नाचणीची भाकरी थापता आहात.

"काकी, अंगठा द्या."

"कशावर?"

"सभेच्या वहीवर. सगल्यांच्या सह्या झाल्या, तुमचाच र्‍हायलाय."

"सगले जेवले म्हनून माझं पोट भरतं का रे? काय लिव्हलंय ते आधी कळू दे." मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "सूनबाय, हात पूस आनि वाच गो."

लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि तोवर मी त्या घरात मोठ्याने बोललेसुद्धा नव्हते. मी हात पुसले आणि वाचलं. मोकाट गुरांसाठी कोंडवाडा बांधण्याचा ठराव होता. तुम्ही भाकरी उलटलीत आणि विचारलंत, "कोंडलेल्या गुरांना पानी कोन पाजनार, ते हाय का त्यात?" नव्हतं. वही तशीच परत गेली आणि दुसऱ्या दिवशी ते वाक्य घालून आली. तेव्हापासून दर महिन्याला हेच. शाळेवरची कौलं, ओढ्यावरचा साकव, पाखाडीच्या निखळलेल्या पायऱ्या, सगळं आपल्या चुलीपाशी वाचलं गेलं. सरपंच पडवीत बसून हसायचे, "वहिनीचा अंगठा म्हंजे मामलेदाराचा शिक्का झालाय." हसायचे, पण वही पाठवायचे. मला त्या दिवसांत घरात पहिल्यांदा आपली जागा असल्यासारखं वाटलं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी विहिरीचं निघालं. भाद्रपदात सगळी मंडळी जागा बघायला गेली आणि देवळाच्या खालच्या अंगाला गुडघाभर पाणी वाहत होतं, तीच जागा सगळ्यांना पसंत पडली. तुम्ही दारातूनच सरपंचांना म्हणालात, "भावजी, आत्ता तं माझ्या चुलीखालीबी पानी लागंल. पानी बघायचं तं चैतात बघा. करवंदीच्या जाळीखाली आमी डवरा उकरून वाटीवाटीनं हंडा भरतो, तिथं खना." ते म्हणाले, बघू. आंबेनळी घाटाच्या बाजूने परत सर आली आणि बोलणं तिथेच राहिलं.

कार्तिकात तुम्ही खळ्यावर भात झोडत होतात. शिपायाच्या आधी सरपंच स्वतः दाराशी आले. मी पदर सावरून उभी राहिले. ते ओरडले नाहीत, दमही दिला नाही. काकुळतीने म्हणाले, "पोरी, विहिरीचा कागद परवा तालुक्याला गेला नाय तर विहीर दुसऱ्या गावाला जाईल. वहिनीला विहीर मंजूर एवढंच वाच. जागेचं मागून बघू." मी मान हलवली. मोठ्या माणसाला नाही म्हणायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. खळ्यावर मी वही उघडली, दोन ठराव नीट वाचले, तिसरा अर्धा वाचला. तुम्ही हातातला पेंढा खाली ठेवलात. "जागेचं काय लिव्हलंय?" मी म्हटलं, "जागेचं काही लिहिलं नाही." खाली, सभेची वही लिहिणाऱ्या शाळेच्या गुरुजींच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, देवळाच्या खालच्या अंगाला. तुम्ही अंगठा उठवलात आणि पेंढ्याला पुसलात.

पौषात श्रमदानाने खोदाई सुरू झाली. तुम्ही बघायला गेलात, काठावर थोडा वेळ उभ्या राहिलात आणि परत आलात. मला काही विचारलं नाहीत. मी त्या दिवशी सगळी भांडी दोनदा घासली. काळा दगड लागला, थोडं पाणी आलं, शिमग्याला नारळ फुटला आणि चैत्रात विहीर कोरडी पडली. आपण बायका पुन्हा डवऱ्यावर वाटी घेऊन बसलो. तिथे खालच्या आळीतली एक बाई सगळ्यांसमोर तुम्हाला म्हणाली, "वही वाचून अंगठा देता ना तुमी? मग तवा डोले कुटं व्हते?" बाकीच्या हसल्या. दीड वर्ष तुम्ही जे कमावलं होतं ते त्या हसण्यात गेलं. वाचून काय नि न वाचता काय, बायकांचा अंगठा तो अंगठाच, असंच ठरत होतं. मी तुमच्या शेजारी हंडा धरून उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. तुम्ही म्हणालात, "अंगठा माझा, चूक माझी. हंडा पुढं सरकव गो." हंड्याचं ते मला म्हणालात. मी हंडा पुढे सरकवला.

त्याच आठवड्यात सभा होती. तुम्ही धुतलेलं लुगडं नेसलात, मला म्हणालात, चल, आणि आपण दोघी जाऊन पडवीत बसलो. तिथे याआधी कुणी बाई बसली नव्हती. एक सदस्य म्हणाला, "वही घरी येतेच की काकी." तुम्ही म्हणालात, "वही येते, पानी नाय येत. आता चैत हाय, चला, दावते." भर दुपारी सगळ्यांना डवऱ्यावर नेऊन तुम्ही सरपंचांच्या हातात वाटी दिलीत. ते बिचारे उकिडवे बसून भरत राहिले. एक वाटी, मग पाणी जमेपर्यंत थांबायचं, मग दुसरी.

"वहिनी, कंबर गेली."

"अजून अर्दा हंडा हाय भावजी. घरी तुमची सूनबाय चूल पेटवून पान्यासाठी बसलीय असं समजा."

त्या वेळी मात्र सगळेच हसले, ते स्वतःसुद्धा. पण हंडा भरल्यावर ते उठले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मागची जागा माझ्या घाईनं चुकली. वहिनीचा त्यात दोष नाय." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. ठराव तिथेच, करवंदीच्या सावलीत लिहिला गेला. शिपायाने गादी पुढे केली. तुम्ही म्हणालात, "आधी सूनबाय वाचंल." मी तारखेपासून शेवटच्या सहीपर्यंत अक्षर न अक्षर वाचलं. तुम्ही या खेपेला काहीही विचारलं नाहीत. अंगठा उठवलात.

घरी येताना चढावर तुम्ही दम खायला थांबलात आणि म्हणालात, "भ्या वाटलं ना, की जास्त मोठ्यानं वाचावं गो." एवढंच. तुम्हाला कार्तिकापासूनच ठाऊक होतं की पौषात काठावर उभ्या असताना कळलं, हे मी विचारलं नाही. त्या करवंदीखालच्या विहिरीला पुढच्या चैत्रात पाणी लागलं आणि ती आजही आटत नाही. तुमच्या मागून मी दोनदा पंचायतीत बसले. सही करण्याआधी दर वेळी सगळं मोठ्याने वाचलं, लोक कंटाळले तरी. तुम्ही वही माझ्याकडून काढून घेतली असतीत तर मी तशी झाले नसते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. आज दुपारी घरात कुणी नव्हतं, तेव्हा चुलीच्या जागेसमोर उभं राहून तुम्हाला वाचून दाखवलं. खरं सांगते, पहिल्या खेपेला खळ्यापाशी आले आणि जागेची ओळ गाळून पुढे गेले. मग थांबले आणि आत्याबाई म्हटलं तिथपासून परत वाचलं.