थोरल्याची बारी

आत्याबाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्याहून म्हातारी आहे, तेव्हा सुनेचं जरा मान देऊन ऐका. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, मलाही आलं नाही. म्हणून मी बोलते आणि नात लिहिते. माझं बोलणं ती शाळेच्या मराठीत बसवते, सुनेची भाषा एकाएकी सुधारली असं समजू नका. घरात दोन पोपट आहेत, आणि त्यांच्या भांडणापायी मला तुमची आठवण रोज येते.

आपल्या शेतावर थव्यानं उतरायचे ते हिरवे नव्हेत. हे परदेशी; राखी अंग, डोक्यावर तुरा, गालावर शेंदराचं बोट लावल्यासारखा ठिपका. नातीनं आधी थोरला आणला. त्याला एकट्याला करमत नाही म्हणून मागाहून यवतमाळहून धाकटी आणली. पिंजरे दोन, पण उडायला बैठकीची खोली एकच. पंखा बंद, खिडक्या बंद, आरशावर चादर. एवढा थाट करून दोघांना सोडलं की दोघांनाही पडद्याच्या दांडीचं तेच एक टोक पाहिजे. तुरे ताठ, चोची उघड्या, फिस्स फिस्स. नात सोडवायला जायची आणि बोट फोडून घ्यायची. मी म्हटलं, "मधात हात कायले घालतं? दोघायची बारी लाव. माह्या सासूनं दोन सुना अशाच सांभाळल्या."

"सुना का पोपट होत्या, आजी?"

"नाही वो. पोपट कमी बोलतात."

तुम्हाला आठवत असेल, दारव्ह्याच्या बाजाराला आम्ही जावा एकदाच बरोबर गेलो आणि बांगड्यांच्या एका जोडावरून कासारासमोर जुंपलो. पुढच्या आठवड्यापासून तुम्ही बारी लावली. एका बाजाराला मी, दुसऱ्याला धाकटी जाऊ. जी घरी राहील तिला दुपारची चूल नाही, तुम्ही स्वतः भाकरी थापायच्या. आणि जी जाईल तिनं येताना चिवड्याची पुडी आणून आधी घरच्या जावेच्या हातात द्यायची, तिनं घास घेतल्याशिवाय तुम्हीही तोंडात टाकायच्या नाहीत. मला तेव्हा वाटायचं, ही बाई आम्हाला कोंडून ठेवते. आता मी तोच कायदा पोपटांना लावला. सकाळी थोरला बाहेर, संध्याकाळी धाकटी. एक बाहेर असला की दुसऱ्याचा पिंजरा आतल्या खोलीत, आणि त्याच्यापुढे मक्याचं कोवळं कणीस, म्हणजे त्याचं चित्त दाराकडे राहत नाही. बोटं फुटायची थांबली. नात म्हणाली, तुझी सासू हुशार होती. मी म्हटलं, होती, पण तिच्या तोंडावर मी कधी म्हटलं नाही.

मग गेल्या मंगळवारची गोष्ट. सकाळी नात थोरल्याला सोडायची, पण कॉलेजची घाई होती, राहून गेलं. मी घरी एकटी. धाकटी मला पाहिलं की मान वाकडी करून शीळ घालते. थोरल्याला माझी एवढी ओढ नाही. पुढचं नातीला एवढंच माहीत आहे की ती आली तेव्हा धाकटीच्या पायाला रक्त होतं, मी हळद दाबून बसले होते. तिनं विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, "थोरल्यानं चावलं." खोटं नव्हतं. पोरगी रडली, सूनबाई म्हणाली, हे घर आहे का आखाडा? आणि ठरलं, थोरला यवतमाळच्या मैत्रिणीला द्यायचा. ती रविवारी न्यायला येणार. तेव्हापासून त्याला कोणी सोडलं नाही. तुरा पाडून कोपऱ्यात बसतो, शेंगदाणा दिला तरी पाठ करतो.

असंच पाठ करून बसलेलं माणूस मी एकदा पाहिलं आहे, आत्याबाई. संक्रांतीच्या आधीचा बाजार, धाकटीची बारी. ती नवं लुगडं नेसून उंबऱ्यात उभी, तिकडे दूध उतू जाऊन अख्खी चूल विझली. तुम्ही विचारलं, "चुलीपाशी कोण होतं?" मी म्हटलं, "धाकटी होती." होती, पण दूध माझ्या भरवशावर ठेवून लुगडं नेसायला गेली होती. तुम्ही तिला म्हटलं, "बस घरी," आणि तिच्या बारीला मला धाडलं. मी पुडी आणली. तिनं ती उघडलीसुद्धा नाही, सकाळी कोंबड्यांपुढे टाकली. तुम्ही परत तिलाच बोललात. ते दूध माझं होतं.

नात लिहिता लिहिता हसते. म्हणते, "आजी, तू तं लय डांबरट होती वो."

आता पुढचंही लिही, बाई. मंगळवारी धाकटीचा पिंजरा मीच उघडला. तिची बारी नव्हती. थोरल्याचा पिंजरा आतही नेला नाही. ती उडून नेमकी त्याच्याच पिंजऱ्यावर बसली, बोटं गजांतून आत गेली. त्यानं आपलं घर राखलं.

पेन थांबला बघा हिचा. "थांबतं काहून? सासूले सांगून राह्यली, तुले नाही."

उठून गेली. आत फोनवर बोलल्याचं ऐकू आलं, रविवारी येऊ नको म्हणून. मग धाकटीला आत ठेवून तिनं थोरल्याचं दार उघडलं. तो बराच वेळ आलाच नाही. आला तो दांडीवर गेला नाही, चालत येऊन माझ्या लुगड्याचा काठ कुरतडत बसला. कुरतडू दे. नात परत येऊन बसली आहे, पण माझ्याशी बोलत नाही, नुसती लिहिते.

हे कुठं पाठवायचं, तेवढं मात्र विचारलं तिनं. पाठवू नको, म्हटलं. पाठवायचंच तर घाटंजीला पाठवावं लागेल. धाकटी जाऊ तिथं लेकाकडे असते, धडधाकट आहे, फोन केला की आधी विचारते, "बाई, जेवल्या का जी?" मी म्हणते, जेवली, आणि तिथंच थांबते. तिला सांगायचं तोंड मला अजून नाही, आत्याबाई. म्हणून तुम्हाला सांगितलं.