कॉफी दळताना

अक्का, गेले आठ दिवस तुला लिहायचं म्हणतेय. आई म्हणायचं सोडून आम्ही भावंडं तुला अक्का कधी म्हणायला लागलो ते आठवत नाही. तुझ्या गडहिंग्लजच्या माहेराहून आलं असावं. कॉफीचं वेडही तिथलंच. आपली सगळी गल्ली चहा पिणारी, आणि आपल्या ओट्याच्या कडेला मात्र कॉफी दळायचं लोखंडी हातयंत्र आवळून बसवलेलं. मामा एसटीनं हिरव्या बिया पाठवायचा. त्या तू रविवारी कढईत मंद आचेवर भाजायचीस आणि रोज सकाळी लागतील तेवढ्याच दळायचीस. मी दांडा भराभर फिरवला की ओरडायचीस, “हळू की गं! पूड तापली की चव जाती.” मग चिमूटभर पूड माझ्या बोटांत द्यायचीस. “बारीक रव्यावाणी लागाय पायजे. मैद्यासारखी केलीस तर फिल्टरात पाणी तुंबतंय आन् कडू होती.” उकळलेलं पाणीही लगेच ओतू द्यायची नाहीस, जरा निवू दे म्हणायचीस. मला तेवढंही थांबवत नसे.

मी शाळेत नोकरीला लागले त्या वर्षी तुला मोठा ताप आला. त्यातून उठलीस आणि तुला एक नवी सवय लागली. भाजता भाजता कढई माझ्यापुढे धरायचीस, “वास बघ, झालं काय?” मी सांगितलं की लगेच उतरवायचीस. मला वाटायचं, तू मला शिकवते आहेस.

आणि मग तो रविवार. शाळेतल्या मुख्याध्यापिका बाई आणि दोघी शिक्षिका पहिल्यांदाच आपल्या घरी आल्या होत्या. तुझ्या कॉफीचं मीच कौतुक करून ठेवलं होतं. आतून तुझी हाक आली, “जरा आत ये की.” मी “आले, आले” म्हणाले आणि गप्पांत बसून राहिले. तू दुसऱ्यांदा बोलावलंस, तेव्हाही उठले नाही. थोड्या वेळानं तू पेले घेऊन आलीस. बाईंनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. कॉफी करपलेली होती. मी हसत म्हणाले, “आमच्या अक्काला आता जमत नाही. राहू दे, चहाच टाक.” तू पेले गोळा केलेस, चहा आणून दिलास, आणि दुसऱ्या दिवशी यंत्र ओट्यावरून काढून फडताळात ठेवलंस. मला वाटलं, रुसली आहेस. चार दिवसांनी येशील वळणावर, म्हणून विचारलंही नाही. वर्षभरात तू गेलीस.

तुझ्या दहाव्याला आलेली मावशी स्वयंपाकघरात माझ्याशेजारी बसली होती. ती म्हणाली, “तापानंतर तिचं नाकच गेलतं की. दूध करपलं तरी कळायचं न्हाय. पोरीला सांगू नको म्हणाली, नवी नोकरी हाय, उगं काळजी करंल.” त्या रविवारी तू आत कशासाठी बोलावत होतीस, ते मला तिथं कळलं.

पुढं कित्येक वर्षं मी कॉफीला हात लावला नाही. करोनात मला वास येईनासा झाला तेव्हा फडताळातलं यंत्र खाली काढलं, मूठभर कोरडे तांदूळ त्यातून फिरवून ते साफ केलं. आता बाजारातून भाजलेल्या बिया आणते. दांडा फिरवताना डोळे मिटते. बिया फुटायच्या थांबल्या की हाताला हलकं लागतं, पूड बोटांत चोळली की रवाळपणा कळतो. तापानंतर तूही दळायचं सगळं एवढ्यावरच करत होतीस. भाजणं तेवढं बोटांना कळत नाही, गं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, लिहून झालं की वहीतच राहील. म्हणून एक सांगते. मला अजूनही वास येत नाही. घरी सगळ्यांना वाटतं, कधीचाच यायला लागला. सकाळी सून कपातला पहिला घोट घेते, तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघत असते.