माणूस की गठ्ठा

ती. ताईस धाकटीचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात माझी कंबर एवढी वाकत नाही, कागदावर वाकली ती गोड मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? आम्ही सगळे धड आहोत, म्हणजे हे पत्र लिहीपर्यंत तरी हातपाय जागच्या जागी आहेत. असं का म्हणते ते सांगते, पण आधी पाणी पिऊन बस.

तुला ठाऊकच आहे, मी रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींच्या विभागाची मुकादम आहे. गेल्या महिन्यात आमच्याकडे नवं प्रेस आलं. (जुनं बिचारं नुसते चटके द्यायचं.) खाटेएवढा तापलेला पत्रा वरून खाली येतो आणि चादर कडक करून सोडतो. वर कॅमेरा आहे. समोर माणूस वाकला की कॅमेऱ्याने बघायचं आणि पत्रा वरच थांबवायचा, असा करार. शेजारच्या पडद्यावर, कॅमेऱ्याला जे दिसेल त्याभोवती चौकट येते नि खाली लिहून येतं: माणूस, गाडी, गठ्ठा. बसवायला आले ते चौघे पुरुष, उंच, ताठ, खिशाला पेन. एकेक जण समोर उभा राहिला, दर वेळी पत्रा थांबला, टाळ्या झाल्या, चहा झाला. आम्ही अकरा बायका भिंतीला टेकून बघत होतो. आम्हाला कोणी पुढे बोलावलं नाही, आणि आम्हीही मेल्या गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी अडकलेली उशीची खोळ काढायला मी वाकले, कमरेवर नेहमीसारखा चादरींचा ढीग. पडद्यावर माझ्याभोवती चौकट आली: गठ्ठा. आणि पत्रा खाली. मी मागे कशी सरले ते मला अजून सांगता येत नाही, दैव बलवत्तर म्हणायचं. खोळ मात्र सुरेख कडक निघाली. ती मी कपाटात ठेवली आहे, कोणाला वापरू देत नाही.

मग आम्ही सगळ्यांनी लांबून, हात मागे बांधून परीक्षा दिली. गठ्ठा. गठ्ठा. गाडी. (ती आमची अंगाने भरलेली शिवणवाली, दोन दिवस धड जेवली नाही.) परत गठ्ठा. एवढ्यात आमच्या फोरमनने जाता जाता आपला कोट समोरच्या खुंटीला अडकवला. आत कोणी नाही, नुसता कोट. पडद्यावर आलं: माणूस. पत्रा अदबीने वरच थांबला. हसून हसून आमची मुरकुंडी वळली, आणि मग एकेक करून सगळ्या प्रेसपासून चार पावलं मागे सरल्या. फोरमनला दाखवलं तर म्हणाले, बाई, तुम्ही जरा माणसासारखं ताठ उभं राहत जा. आता ताठ उभं राहून खाली अडकलेली चादर काढायची कशी, ते त्यांनाच ठाऊक.

तेव्हा तुझं ते व्याख्यान आठवलं. (हो, मी पहिल्या रांगेत पेंगत होते, पण कान उघडे होते.) तू म्हणाली होतीस, माणूस हा शब्द पुरुषांनी आपल्या मापाने बेतला, बायकांना तो कधी अंगासरसा बसलाच नाही, आता यंत्र आणि माणूस यांच्यातली भिंत पडते आहे, तर बायकांनी भिऊ नये, पुढच्या माणसाची व्याख्या आपणच करावी. पटलं गं. पण यंत्राला शिकवायला बसले ते जुनीच फूटपट्टी घेऊन बसले ना. तुझी व्याख्या पुस्तकात बदलेल तेव्हा बदलेल, आमच्याकडे ती दर नऊ सेकंदांनी खाली येते. मला भीती वाटते, ताई. घरी जेवायला बसले की आधी बोटं बघते.

सध्या जी वाकणार असेल ती फोरमनचा कोट चढवते. उकाड्याने जीव जातो, पण पत्रा थांबतो. सोमवारी तपासणी आहे, आणि यंत्र प्रत्येक कामगारासाठी थांबतं या कागदावर मुकादम म्हणून माझी सही हवी आहे. सही नसेल तर दुसरी मुकादम बघू, असं धुलाईघराचे साहेब हसत हसत म्हणाले.

बाकी सगळं ठीक. भावोजींना काढा द्यायला विसरू नकोस.

तुझी धाकटी
(सध्या गठ्ठा)

ता. क. सही करणार नाही, असं आत्ता तरी ठरवलंय. तू विद्यापीठाच्या कागदावर साहेबांना एक खरमरीत पत्र लिही. डॉक्टर लाव, पण नावाची नुसती आद्याक्षरं घाल. बाईचं नाव दिसलं की साहेबही थांबत नाहीत.

आणखी एक ता. क. पत्रात लिहायचा धीर झाला नाही ते आता लिहिते. सोमवारपासून प्रेस दोन्ही बाजूंनी चालणार. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला नवी लागलेली तुझी भाची. नको म्हटलं तर ऐकत नाही, आईवर गेली आहे. कोट एकच आहे, तो मी तिला देणार. तुझं पत्र शनिवारच्या आत पोचू दे.