चिमीच्या पेशींची काटकसर

३ तारीख, शुक्रवार
आणलं: मूगडाळ दोन किलो, चणे एक किलो, शेंगदाणे अर्धा किलो, दुधाच्या पावडरचा एक डबा (डब्याला पोचा, म्हणून चार रुपये कमी). एकूण एकशे ब्याऐंशी. डॉक्टरीणबाईंची फी वेगळी. ती इथे लिहिली तर वही जळेल.

कारण चिमी. एकोणीस वर्षांची घोडी, शिवणक्लासहून येताना जिन्यात बसकण मारते. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. वर्षभर मी सांगते आहे, आळस. यांच्या घराण्यात तो पिढीजात आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आळस नव्हे, मायटोकॉन्ड्रिया. पेशीत त्या नावाच्या बारीक भट्ट्या असतात, त्यांतली प्रथिनं अन्नातून शक्ती काढतात. चिमीची काही प्रथिनं कामाला अधू आहेत.

प्रथिनं म्हणजे डाळ, एवढं मॅट्रिकला आम्हालाही होतं. संकल्प: महिन्याभरात पोरगी जिना धावत चढेल. देवापुढे दिवा लावला. तेल बेताचं.

९ तारीख
चणे चावताना चिमी दमते. मी म्हटलं, चावायला कसले गं कष्ट? म्हणाली, आई, तू चाव, मी गिळते. जिभेतल्या भट्ट्या ठणठणीत दिसतात.

मीही हल्ली दुसऱ्या मजल्यावर जरा टेकते. पण ते नामस्मरणासाठी.

१४ तारीख
पुन्हा डॉक्टरीणबाई. रक्ताचा रिपोर्ट आला. डाळीचं ऐकून हसल्या. ही प्रथिनं वाण्याकडे मिळत नाहीत म्हणे, पेशीच ती घडवते. मग कागदावर रांग काढली. भट्टीच्या भिंतीत ही प्रथिनं ओळीने असतात. अन्नातून निघालेले विजेचे कण एकमेकांकडे हातोहात देतात, त्यावर शक्ती तयार होते. एकाने हात आखडला की मागे सगळं तुंबतं आणि रक्तात आम्ल साचतं. उपाशी ठेवू नका, थोडं थोडं सारखं खायला द्या, असंही म्हणाल्या.

घरी येऊन विचार केला. मोरी तुंबली की शहाणी बाई आधी नळ बंद करते. वरून आणखी ओतते का? डॉक्टरीणबाईंच्या घरी मोरी मोलकरीण बघत असणार, त्यांना कसं कळावं?

संकल्प: चिमीला एक वेळ जेवण. सोमवारी आणि गुरुवारी तेही नाही. पुण्य आणि उपचार एकाच खर्चात. हे म्हणाले, अगं, त्यांनी उलट सांगितलंय. मी म्हटलं, तुम्हाला आजवर कुणी सांगितलेलं काही कळलंय? वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले.

चिमी म्हणाली, आई, उपास देवाला पोचतो, पेशींना नाही पोचत. दुर्लक्ष केलं.

१९ तारीख
गुण दिसतो आहे. चिमी उलट बोलत नाही. सुईत दोरा ओवताना एक पापणी बोटाने वर धरते, गंमतच.

शिवणक्लासच्या बाईंचा निरोप: पोरीला काही दिवस पाठवू नका, मशीनवर डोकं टेकून बसते. मनाला लावून घेतलं नाही. शक्ती खर्च होत नाही म्हणजे शिल्लक पडत असणार. हिशेब सोपा आहे.

डाळ उरली. किडे होण्याआधी उन्हात घालायला हवी.

२३ तारीख
सकाळपासून ओकाऱ्या. तुंबलेलं बाहेर पडतंय, चांगलं लक्षण.

संध्याकाळी
श्वास जोरात चाललाय. पडून आहे, तरी धावून आल्यासारखा. हात थंड. देवाला सांगितलं, अकरा गुरुवार मीही करीन.

हे दारात येऊन म्हणाले, तिला खायला दे, नाहीतर मी देतो. बावीस वर्षांच्या संसारात हा आवाज ऐकला नव्हता. मी म्हटलं, आज गुरुवारचा उपास मोडू नका, उद्या सकाळी बघू. त्यांनी ऐकलं नाही. साखरपाणी केलं, निम्मी साखर ओट्यावर सांडली. चिमीला पेला धरवेना. यांनी चमच्याने घातलं, ते ओठांतून खाली आलं. हे रिक्षा आणायला अनवाणीच गेले.

२४ तारीख, इस्पितळ
बाकावर बसून लिहिते आहे. चिमीला श्वासासाठी नळी घातली आहे. सलाइनमधून साखर चालू.

डॉक्टरीणबाईंनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाल्या, अन्न बंद केलं की शरीर अंगातली चरबी जाळायला काढतं, आणि ती जाळायलाही त्याच भट्ट्या लागतात. अधू बैलाला दुप्पट ओझं घातलंत. मी मोरीचं सांगितलं.

मग म्हणाल्या, चिमीतला दोष आईकडून येणारा आहे. मी म्हटलं, माझ्या माहेरी कुणी आळशी नाही, यांच्याकडे चौकशी करा. त्या म्हणाल्या, बापाकडून या भट्ट्या मुलांत येतच नाहीत. मला वर बघायला सांगितलं. बघितलं. माझ्या पापण्यांकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या. तिथला दिवाच मंद होता.

विचारलं, बहिणी किती? एक, थोरली. तिला मुलं? दोन मुली.

२५ तारीख
शुद्ध नाही. हे आत बसून आहेत, माझ्याकडे बघत नाहीत. नर्स म्हणाली, मावशी, कालपासून तुमच्या पोटात काही नाही. म्हटलं, उपास नाही गं, घास उतरत नाही.

ताईला टाकलेल्या कार्डाची नक्कल:

ती. ताईस साष्टांग नमस्कार. चिमी बरी नाही. आपल्या आईकडून आपल्याला काही आलं आहे आणि आपल्याकडून मुलींना, असं डॉक्टर म्हणतात. तुझ्या मुली जिन्यात थांबतात का, पापण्या जड होतात का, ते त्यांना आळशी न म्हणता विचार. डॉक्टरांना दाखव. ते सांगतील तसंच कर, आपलं डोकं चालवू नको. उपास करत असतील तर आजच बंद कर. माझ्यावर विश्वास ठेव असं म्हणत नाही, मला काही कळत नाही. हे पत्र हातात पडताच आधी दोघींना जेवायला वाढ, आणि मग उलट टपाली कळव.