सात सेकंदांचा बुलबुल

९ मार्च, सोमवार

या स्टुडिओत माझ्या हातचं काय काय आहे ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे नंतर वाद नकोत. आवाज मिसळायचं टेबल. भिंतींवरच्या कापसाच्या गाद्या – टाके माझे. माइकचा दांडा – मूळ एका टेबललॅम्पचा. फोन थेट प्रक्षेपणाला जोडणारी पेटी. आणि बुलबुल!

बुलबुल म्हणजे दोन जुने टेपरेकॉर्डर आणि त्यांच्यामधून फिरणारी एक लांबलचक फीत. इथे बोललेलं बाहेर ऐकू जातं ते सात सेकंदांनी. फोनवर कुणी शिवी हासडली की मी लाल बटण दाबतो. मागचं सात सेकंदांचं बोलणं गायब, आणि त्या जागी बुलबुल गातो. तोही मीच पहाटे गच्चीवर बसून रेकॉर्ड केलेला. आता रस्त्यावर भांडण जुंपलं तरी लोक म्हणतात, "अरे, सोडा याच्यावर बुलबुल!"

लोक इंजिनियर म्हणतात. मी दुरुस्त करतो – आधी त्यांना, मग त्यांचा रेडिओ. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. जे आलं ते खोलून-जोडून आलं.

'बोला की!' हा आमच्या गावच्या रेडिओवरचा कार्यक्रम, रोज सकाळी नऊ ते साडेदहा. माइकसमोर बायको, काचेमागे मी. संसारात तिला गप्प करायचा अधिकार मला इथेच मिळाला आहे, आणि तो मी कधी वापरलेला नाही.

१० मार्च, मंगळवार

निवृत्त पोस्टमास्तरांचा फोन. शंभरदा सांगूनही घरचा रेडिओ मोठ्यानं चालू. सात सेकंदांनी स्वतःचाच आवाज कानावर आला आणि चिडले – "अहो बाई, हा मध्येच कोण बोलतोय? आणि तेही चुकीचं!"

बायको शांतपणे म्हणाली, "तुम्ही दोघं आधी आपसात मिटवा, मग फोन करा."

११ मार्च, बुधवार

नगराध्यक्षांचे चिटणीस माझ्या दुरुस्तीच्या दुकानात पंखा घेऊन आले. पंख्याला काहीही झालेलं नव्हतं.

१५ मार्च, रविवार

झालं! वाचनालयाच्या मनोऱ्यावरचं घड्याळ चालू केलं. दहा वर्षं मेलेलं, गावाची वर बघायची सवयच मोडलेली. ग्रंथपालांकडून किल्ली घेतली, दिवसभर कबुतरांची घाण खरवडली, एक चाक नव्यानं कातून घेतलं. टोल जोडायचे राहिलेत, पण काटे फिरताहेत!

हिला सांगितलं नाही. उद्या रस्त्यानं जाताना वर बघेल, थांबेल, विचारेल. तेव्हा सहज म्हणेन – हो, मीच.

१६ मार्च, सोमवार

वर बघितलं नाही. स्टुडिओपर्यंतच्या सबंध वाटेत मान खाली, हातात आजची टिपणं. विषय वाचनालयाचा. ते पाडून तिथे दुकानांचे गाळे बांधायचे, असा ठराव शनिवारी पालिकेत यायचा आहे. ही बोलायला लागली. रंगात आली.

"गाळ्यांचं कंत्राट कुणाला? नगराध्यक्षांच्या मेव्हण्याला! आणि काळजी किती, तर साधं घड्याळ दहा वर्षं बंद! आजही बंद!"

आजही?

हात आपोआप गेला. चुकीची माहिती माझ्या यंत्रातून बाहेर जाणार नाही, एवढंच डोक्यात होतं. बटण दाबलं, बुलबुल गायला. घड्याळ पुसलं गेलं. आणि त्याच सात सेकंदांत बसलेला मेव्हणाही!

काचेपलीकडून तिनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं.

घरी चप्पल काढायच्या आत विचारलं – "किती मिळाले?"

मी वाकून चपला नीट लावत बसलो. घड्याळाचंही सांगता येईना. तिनं ते उत्तर धरलं.

१७ मार्च, मंगळवार

अबोला. बोलते ती फक्त रेडिओवर. आज हवामानानंतर, सगळ्यांना ऐकू जाईल असं – "ज्यांनी सकाळी दूध आणलं नाही, त्यांनी येताना आणावं."

संध्याकाळपर्यंत तीन शेजाऱ्यांनी आणि एका अनोळखी रिक्षावाल्यानं आठवण केली.

१८ मार्च, बुधवार

फोन थांबत नाहीत. 'बाईंवर बुलबुल कुणी सोडला?' नगराध्यक्षांनी स्टेशन विकत घेतलं, असं सगळे धरून चालले आहेत. पोस्टमास्तर – "उद्यापासून मी दुसरं स्टेशन ऐकणार!" दुसरं स्टेशन इथे लागत नाही, पण बोलणं मनाला लागलं.

स्टुडिओखालचा न्हावी अर्धी दाढी झाल्यावर म्हणाला, "साहेब, यंत्र बिघडलं म्हणून सांगा ना. सुटाल."

माझं यंत्र? बिघडलं? उरलेली अर्धी घरी येऊन केली.

१९ मार्च, गुरुवार

टोल जोडले. हातोडीला कापड गुंडाळून ठेवलं आहे. उद्या कार्यक्रमाआधी काढायचं. तिनं विश्वास ठेवला नाही तर दुकान आहेच. तिच्या समोर काचेमागे बसता येणार नाही.

२० मार्च, शुक्रवार

बातम्या-हवामान झाल्यावर, दहाला पाच कमी असताना, पहिलाच फोन पोस्टमास्तरांचा. "बाई, साफ सांगा. कोण?"

तिनं मला काचेमागून आत बोलावलं आणि दांडा माझ्याकडे वळवला. "आमचे तंत्रज्ञ सांगतील. नेहमीसारखं मुद्देसूद."

म्हटलं, "बटण मी दाबलं. कुणी सांगितलं नव्हतं. बाई म्हणाल्या घड्याळ बंद आहे. ते चालू आहे. मी दुरुस्त केलंय."

"कधी?" ही. थेट प्रक्षेपणात!

"रविवारी. मनोऱ्यावर चढून."

"आणि मला सांगायचं सोडून माझ्यावर बुलबुल सोडलात?"

"तू वर बघशील असं वाटलं होतं."

तिनं उठून मनोऱ्याकडची खिडकी उघडली. मी तिच्याकडे न बघता भिंतीवर नजर ठेवून होतो. मनोऱ्यावर दहा वाजले! टोल पडायला लागले, दणदणीत. आणि सात सेकंदांनी समोरच्या सगळ्या दुकानांतल्या रेडिओंतून तेच टोल पुन्हा! रस्त्यावरची माणसं आधी वर बघत होती, मग एकमेकांकडे.

फोनवर पोस्टमास्तर – "दोन मिनिटं मागे आहे हो!" (तपासलं. मागे आहे. उद्या चढतो.)

मग ती माइककडे वळली. "सोमवारी बुलबुलानं खाल्लेलं वाक्य आता पुन्हा ऐका." मेव्हणा, कंत्राट, गाळे – सावकाश, एकेक शब्द सुटा. मी काचेमागे परत जाऊन दोन्ही हात खिशात घातले आणि ते तिला दिसतील असा उभा राहिलो.

घरी येताना कोपऱ्यावर थांबून तिनं वर पाहिलं. "काटे वाकडे आहेत," म्हणाली. नाहीत! पण बोलली.

२१ मार्च, शनिवार

ठराव पुढे ढकलला.

चहा घेताना तिला ते सांगितलं, जे सोमवारी तोंडातून फुटलं नव्हतं. चिटणीस त्या दिवशी पंखा ठीक करायला आले नव्हते. पंख्याखाली पाकीट होतं. "बाई वाचनालयावर घसरल्या की बटण दाबत जा, एवढंच." पाकीट आणि पंखा, दोन्ही त्यांच्या हातात देऊन दार दाखवलं. आणि पाचव्या दिवशी फुकटात तेच करून बसलो!

तिनं कप खाली ठेवला. मग – "किती होते?"

"साठ हजार."

"बस? माझं तोंड बंद करायला एवढेच?"

पुन्हा अबोला.